पाटणचा मठ आणि ग्रहणाचे गणित

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रहगणिताचा ग्रंथ आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्याला दान दिले, असे त्यात कोरले आहे. शेवटच्या मराठी ओळींत उत्पन्नाची तजवीज आहे. चालू असलेल्या दर घाण्यामागे मठाला पळीभर तेल, हे त्यातलेच एक कलम.

दानाचा मुहूर्त मात्र जास्त बोलका आहे: श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणसमय. लेखात शक 1128 असला तरी सोबतचे प्रभव संवत्सर इ.स. 1207 मध्ये पडते, आणि त्या वर्षी 9 ऑगस्टला चंद्रग्रहण होते. ग्रहण म्हणजे सावली, हे शिकवणाऱ्या मठाला ग्रहणकाळचे पुण्य म्हणून दान मिळाले.

ग्रहण राहूमुळे की सावलीमुळे, हा वाद तोवर सातशे वर्षे जुना झाला होता. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी छाया चंद्राला, हे आर्यभटाने सांगून टाकले होते. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये गणित छायेचेच केले, पण राहू नाकारणाऱ्यांना श्रुतिस्मृतींचा हवाला देऊन फटकारले.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात आधी निरीक्षणे मांडली. चंद्रग्रहणाचा स्पर्श, म्हणजे सुरुवात, बिंबाच्या पूर्वेकडून होतो, सूर्यग्रहणाचा पश्चिमेकडून. अर्ध्या ग्रासलेल्या चंद्राची शिंगे बोथट दिसतात आणि ग्रहण लांबते. सूर्याची शिंगे टोकदार दिसतात आणि ग्रहण लवकर सुटते. म्हणजे चंद्राला झाकणारी वस्तू मोठी, सूर्याला झाकणारी लहान. एकच राहू दोन्हीकडे कसा चालेल? मग त्यांनी तोड काढली: वरदान मिळालेला तमोमय राहू चंद्रग्रहणात पृथ्वीच्या छायेत शिरतो, सूर्यग्रहणात चंद्रबिंबात, त्यामुळे आगमांशी, म्हणजे शास्त्रग्रंथांशी, विरोध उरत नाही.

आमच्या मते ही नुसती पळवाट नव्हे. राहूचे नाव राहिले, पण आकडेमोडीत वरदानाला कुठेच जागा दिलेली नाही. तिथे लागतात छायाबिंब, चंद्रबिंब आणि शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासून (सूर्याच्या आकाशातल्या वाटेपासून) चंद्राचे अंतर. दोन्ही बिंबांच्या त्रिज्यांची बेरीज साधारण 57 कला भरते (60 कलांचा एक अंश). शर त्याहून कमी असला तरच ग्रहण लागते. पाताच्या, म्हणजे चंद्राची वाट क्रांतिवृत्ताला छेदते त्या बिंदूच्या, स्थानात एक अंशाची चूक झाली की शर सुमारे 5 कलांनी बदलतो आणि ग्रासाचे माप बिघडते. चंद्राच्या स्थानात 15 कलांची चूक झाली तर मध्यकाळ अर्ध्या तासाने सरकतो.

स्पर्शाचे स्नान, मधले दान, मोक्षाचे (ग्रहण सुटल्यावरचे) स्नान, सगळे याच वेळांवर अवलंबून. आकाशात ग्रहण सुटले आणि पंचांगात नाही, हे श्रद्धाळू माणसालाच आधी खटकायचे. म्हणून कोष्टके पुन्हा पुन्हा ताडून पाहावी लागली: सोळाव्या शतकात गणेश दैवज्ञाचे ‘ग्रहलाघव’ आले, आणि 1860 च्या सुमारास केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय आकाशनिरीक्षणांवर बेतलेली कोष्टके मराठीत आणली. पटवर्धनी पंचांग त्यांच्यावरच उभे राहिले.