गेकोचं भांडं आणि किड्याचे पाय

गेको म्हणजे पाळीव पाल. तिच्या काचपेटीत नीट खाद्याचं भांडं ठेवून त्यात मीलवर्म, म्हणजे भुंगेऱ्याच्या अळ्या, सोडाव्यात आणि तासाभराने पाहावं तर भांडं रिकामं, गेको मात्र उपाशी. गेको पाळणाऱ्यांना हे नवीन नाही. मीलवर्मला उजेड नकोसा असतो आणि भुसभुशीत काही दिसलं की तो आत शिरतो. तळाच्या मातीत एकदा गेला की गेकोच्या दृष्टीने तो संपलाच. मग केव्हातरी त्याच मातीतून काळपट भुंगेरा बाहेर येतो आणि मालक चकित होतो.

भांडं विकत घेताना आपण ते गेकोला शोभेल का, एवढंच पाहतो. खरं तर आधी पाहायला हवेत ते किड्याचे पाय. किड्याच्या पायाच्या टोकाला बारीक नख्या असतात. नखी अडकवायला तिच्या टोकाहून मोठा खळगा पृष्ठभागावर असावा लागतो. तो नसेल तर नखी नुसतीच घसरते. काही कीटकांकडे यावरही उपाय असतो: पायाखाली मऊ गादी आणि तिच्यावर द्रवाचा पातळ थर. घरात दिसणारं लहान जर्मन झुरळ काचेवर सरळ चढतं ते या गादीच्या जोरावर. मीलवर्म, त्याच्यासारखीच पण मोठी अळी सुपरवर्म, रातकिडे आणि खाद्य म्हणून वाढवली जाणारी डुबिया झुरळं यांना मात्र स्वच्छ, गुळगुळीत उभी भिंत चढता येत नाही. म्हणून चकचकीत लेपाचं चिनीमातीचं भांडं उत्तम. त्याची कड आत वळलेली असेल तर आणखी चांगलं, कारण तिथे किड्याचं स्वतःचं वजनच त्याला भिंतीपासून दूर ओढतं. दगडासारखी दिसणारी भांडी पेटीत सुंदर दिसतात, पण आतूनही खडबडीत असतील तर ती किड्यांसाठी शिडीच. आत बोट फिरवून पाहावं.

ही युक्ती निसर्गात फार जुनी आहे. घटपर्णी ही कीटकभक्षी वनस्पती तिच्या अनेक जातींमध्ये नेमकं हेच करते. घटाच्या आतल्या भिंतीवर मेणाचे सूक्ष्म स्फटिक असतात. नखीला धरायला तिथे काही सापडत नाही. शिवाय काही जातींत हे स्फटिक सुटून किड्याच्या पायाच्या गादीला चिकटतात आणि तिची पकड जाते. प्रयोगशाळेत कीटक पाळणारे डब्याच्या कडेला टाल्कम पावडर किंवा टेफ्लॉनचा थर लावतात, तोही याच तत्त्वावर.

उलट, भिंत बिघडवायला फारसं काही लागत नाही. तारेच्या घासणीने प्लास्टिकचं भांडं घासलं की ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखडा ही एक पायरी होते. वाळलेली विष्ठाही तेच काम करते. मऊ स्पंज, गरम पाणी आणि पूर्ण कोरडं करणं, एवढं पुरे. कोरडं करण्याचा कंटाळा करू नये. खाद्य म्हणून दिल्या जाणाऱ्या ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या कोरड्या असताना गुळगुळीत भिंतीवरून घसरतात, पण अंग ओलं झालं की पाण्याच्या पातळ थराने भिंतीला चिकटून आरामात वर सरकतात. किड्यांच्या भांड्यात पाण्याचा थेंबही नको तो यासाठी.

भांड्याचा दुसरा मोठा फायदा कॅल्शियमचा. मीलवर्म आणि रातकिडे यांच्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. गेकोला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं, शक्यतो त्याहून जास्त हवं. ते सतत कमी पडलं तर हाडं मऊ होऊन वाकतात. म्हणून किड्यांना कॅल्शियमची पूड लावतात. मोकळा सोडलेला रातकिडा काही तासांत अंग साफ करून ती झटकून टाकतो. भांड्यातले मीलवर्म मात्र तळाशी सांडलेल्या पुडीतच वळवळत राहतात. पूड जास्त घातली तर कडेला तिचा उतार तयार होतो आणि त्यावरून किडे वर येतात, एवढं लक्षात ठेवावं.

रातकिड्यांचं काय? ते उडी मारतात. उडी अडेल इतकं खोल भांडं घेतलं तर गेकोला आतलं दिसत नाही, आणि लेपर्ड गेको तर हालचाल दिसली तरच झडप घालतो. माझ्या मते रातकिडे भांड्यात कोंडण्याच्या भानगडीत पडू नये. चिमट्याने भरवावेत किंवा मोजके मोकळे सोडावेत. गेकोलाही थोडं धावायला मिळतं. उरलेले मात्र त्याच वेळी काढायचे, कारण उपाशी रातकिडे झोपलेल्या गेकोला कुरतडतात.

भांडं जड असावं, नाहीतर गेकोच्या पायाने उलटतं. दिव्याच्या थेट खाली ते ठेवू नये, अळ्या उष्णतेने मरतात. झाडावर राहणाऱ्या क्रेस्टेड गेकोसाठी ते जमिनीवर न ठेवता उंचावर बसवावं.

भांडं किती खोल असावं हा प्रश्न पिल्लांच्या बाबतीत जास्त नाजूक. क्रेस्टेड गेकोच्या बोटांखाली सूक्ष्म केसांच्या गाद्या असतात. त्यामुळे काच काय आणि चिनीमाती काय, तो सहज चढतो. लेपर्ड गेकोला या गाद्याच नाहीत, फक्त नखं आहेत. म्हणजे ज्या भिंतीवरून मीलवर्म घसरतो, तिच्यावरून लेपर्ड गेकोचं पिल्लूही घसरतं. त्याच्यासाठी बाटलीच्या झाकणाएवढं उथळ काहीतरी चालेल. कड त्याच्या हनुवटीच्या खालीच राहायला हवी. मोठं भांडंच वापरायचं असेल तर पायरीसाठी चपटा दगड बाहेरून टेकवावा. आत ठेवला तर त्यावरून पहिले मीलवर्मच बाहेर पडतील.