दारातली चाचणी आणि ‘जोडणी’ या शब्दाचा घोळ

घरोघरी जाऊन एचआयव्हीची तपासणी करायची आणि सापडलेल्याला उपचारापर्यंत पोचवायचं, या कामाविषयी हे. चेन्नईत 1986 साली देशातले पहिले एचआयव्हीबाधित सापडले आणि 1997 पासून समुपदेशन-तपासणीची केंद्रं निघाली, इथवरचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. पण 1 एप्रिल 2004 ला सरकारी एआरटी (एचआयव्हीला आवरणाऱ्या गोळ्यांचा उपचार) मोफत सुरू होईपर्यंत तपासणीच्या पुढे गरिबाच्या हाती काहीच पडत नसे. हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकचालकाने किंवा सोलापुरातल्या यंत्रमाग कामगाराने कोणत्या आशेवर बोट टोचून घ्यायचं? औषध आल्यावरही सीडी4 पेशी (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी) 200 च्या आसपास उतरल्याशिवाय गोळी मिळत नसे. ही मर्यादा पुढे 350, मग 500 झाली आणि 2017 मध्ये ती उठलीच. सापडेल त्याला लगेच उपचार, हे धोरण ठरल्यावर दारात जाऊन तपासण्याला अर्थ आला.

युगांडा, केनियात त्याआधीच घरोघरी तपासणी चालू होती. तिथे लागण इतकी होती की सरसकट दारं ठोठावणं परवडत होतं. आपल्याकडे प्रौढांमधलं प्रमाण सुमारे 0.2 टक्के. म्हणजे हजार माणसं तपासली तर खरे बाधित दोनच. चाचणीच्या किटची अचूकता अशी धरली की शंभर निरोगी माणसांमागे एकाच्या बाबतीत ते चुकतं, तर याच हजारांत दहाएक जणांना खोटी रेघ, म्हणजे लागण नसताना लागणीची खूण, दिसेल. म्हणून सरसकट घरं धुंडाळण्यापेक्षा आधीच उपचारावर असलेल्यांचे जोडीदार आणि मुलं, जोखमीचे गट आणि स्थलांतरित यांच्यापर्यंत जाणं इथे शहाणपणाचं ठरलं. दारात एकाच किटवर दिसलेली रेघ हा निदानाचा निकाल नव्हेच, ती ‘रिअ‍ॅक्टिव्ह’. पुढे केंद्रावर वेगवेगळ्या प्रकारच्या तीन किटांवर खात्री झाली की मग ‘पॉझिटिव्ह’. वस्तीत मात्र दोन्हीला पॉझिटिव्हच म्हणतात, आणि एवढ्या एका शब्दाने घरं मोडतात.

कामाच्या चुकाही ठरलेल्या. स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचली की थेंबात स्पिरिट मिसळतं. पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा असतो, ते घाईत राहतं. पाकीट आधीच फोडून ठेवलं तर पट्टी ओल धरते. बहुतेक किटांना 2 ते 30 अंश तापमान लागतं आणि एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुचाकीच्या डिकीत ठेवलेलं किट दुपारपर्यंत भरवशाचं राहत नाही. निकाल किटवर छापलेल्या वेळेतच वाचायचा. तासाभराने उमटलेली फिकट रेघ धरायची नाही. वेळेत उमटलेली फिकट रेघ मात्र रिअ‍ॅक्टिव्हच धरायची. कंट्रोलची रेघ (किट नीट चाललं हे दाखवणारी) आलीच नाही तर चाचणी बाद, नवं किट काढायचं.

खरा घोळ ‘जोडणी’चा, म्हणजे कार्यकर्त्यांच्या बोलण्यातल्या ‘लिंकेज’चा. कोणाच्या लेखी चिठ्ठी दिली की जोडणी झाली. कोणाच्या लेखी माणूस केंद्रावर पोचला की. सीडी4 ची मर्यादा होती त्या काळात प्री-एआरटी वहीत (उपचार सुरू होण्याआधीच्या रुग्णांच्या नोंदवहीत) नाव चढलं तरी पुरे असायचं, मग पुढची दोन वर्षं तो फिरकला नाही तरी चाले. ती मर्यादा गेली, पण वहीची सवय गेली नाही. त्यामुळे एकाच वस्तीचा आकडा कुठल्या तारखेवर मोजला त्यानुसार उजळ किंवा काळवंडलेला दिसतो. आमच्या मते गोळ्यांची पहिली बाटली हातात पडली ती तारीख धरावी. चिठ्ठीला काडीचाही अर्थ नाही. करमाळ्याच्या माणसाला सोलापूर गाठायचं म्हणजे रोजंदारीचा अख्खा दिवस बुडतो, आणि तिथे टीबीची लक्षणं निघाली तर त्याच दिवशी एआरटी सुरू करता येत नाही, आधी टीबीचा शोध. ही दुसरी फेरी कुणी मोजत नाही. कार्यकर्ता सोबत गेला तर माणूस पोचतो, नुसत्या पत्त्यावर क्वचितच. आणखी एक अडचण: दारात रिअ‍ॅक्टिव्ह निघणाऱ्यांत काहीजण आधीच गोळ्या खाणारे असतात, सासरी कळू नये म्हणून गप्प बसतात. अशांना ‘नवे रुग्ण’ धरलं की सगळा हिशेब चुकतो.

2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने (अंमल 10 सप्टेंबर 2018 पासून) माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणीला बंदी घातली. त्याच कायद्यात उपचार ‘शक्य तितके’ देण्याची पळवाटही ठेवली. त्या दोन शब्दांवर झालेली टीका रास्त होती.

बिडी कामगारांच्या वस्तीत, उदाहरणार्थ सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरकुलांत, दुपारी गेलं तर बायकाच भेटतात. पुरुष यंत्रमागावर, पाळी सुटल्यावर घरी. दाटीच्या वस्तीत दोन खोल्यांत सासू, सून, शेजारीण सगळ्यांसमोर समुपदेशन होत नाही, म्हणून कधी दारातून केंद्रावरच बोलवावं लागतं. समजावणीही मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमधून हवी, नुसत्या मराठी पत्रकावर भागत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं वेगळं. दिवाळीच्या सुमारास निघालेली जोडपी उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. 2020 च्या लॉकडाउनमध्ये तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची पद्धत वाढली, तिचा इथे उपयोग होतो, पण ती औषध पचलेल्या स्थिर रुग्णांसाठी. नुकताच सापडलेला माणूस तिच्यात बसत नाही. त्याची नोंद कारखान्याजवळच्या केंद्राकडे आधीच वळवली नाही, तर इथल्या वहीत तो ‘एलएफयू’ (संपर्क तुटलेला) आणि तिथल्या वहीत तो कुणीच नसतो.