रॉय यांच्यामागचा जर्मन पक्ष

मानवेंद्रनाथ रॉय यांना १९२९ साली कॉमिन्टर्नमधून, म्हणजे मॉस्कोतून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेतून, काढलं, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असतं. त्यांच्यावरचा एक मुख्य ठपका मात्र फारसा सांगितला जात नाही: ब्रांडलर-गटाच्या वृत्तपत्रात लेख लिहिल्याचा. तो गट म्हणजे जर्मन कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडलेला विरोधी कम्युनिस्ट पक्ष, केपीओ.

हाइनरिश ब्रांडलर मूळचे गवंडीकाम करणारे, पुढे जर्मन कम्युनिस्ट पक्षाचे नेते. ऑगस्ट टालहाइमर त्याच पक्षाचे सिद्धांतकार. ऑक्टोबर १९२३ मध्ये ठरलेला कम्युनिस्ट उठाव ब्रांडलर यांनी मागे घेतला, कारण केम्निट्झच्या परिषदेत कामगार प्रतिनिधींची साथ मिळाली नाही. हॅम्बुर्गमध्ये तो तरीही झाला आणि चिरडला गेला. अपयशाचं सारं खापर या दोघांवर फुटलं आणि त्यांना काही वर्षं मॉस्कोत अडकवून ठेवण्यात आलं.

१९२८ मध्ये कॉमिन्टर्नने धोरण बदललं. सोशल डेमोक्रॅट, म्हणजे संसदीय मार्गाने जाणारे समाजवादी, हे 'सोशल-फॅसिस्ट' ठरले; त्यांच्याशी हातमिळवणी नाही, कामगार संघटनाही वेगळ्या काढायच्या. हे ज्यांना पटलं नाही, त्यांनी ब्रांडलर आणि टालहाइमर यांच्या नेतृत्वाखाली ३० डिसेंबर १९२८ रोजी बर्लिनमध्ये केपीओ स्थापन केला. सभासद फक्त काही हजार. त्यांचं वृत्तपत्र होतं 'गेगेन डेन श्ट्रोम', म्हणजे 'प्रवाहाविरुद्ध'.

त्यांचं म्हणणं साधं होतं: नाझी सत्तेवर आले तर कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट दोघांचीही गय होणार नाही, म्हणून दोघांनी आताच एकत्र लढावं. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीचे आकडे पाहिले की जीव हळहळतो. नाझींना १९६ जागा, सोशल डेमोक्रॅटांना १२१, कम्युनिस्टांना १००. दोघांची बेरीज नाझींहून जास्त होती, पण ती बेरीज कुणी केलीच नाही. केपीओच्या हाती सांगण्यापलीकडे काही नव्हतं, कारण मतपेटीत तो नगण्य होता. शिवाय त्याच वर्षी पाउल फ्रोलिश आणि याकोब वाल्शर यांचा अल्पमतातला गट सोशलिस्ट कामगार पक्षात गेला.

रॉय १९३० च्या डिसेंबरात गुपचूप मुंबईत आले, ते हाच विचार घेऊन. त्या वेळचे अधिकृत कम्युनिस्ट काँग्रेसपासून फटकून होते. रॉय म्हणत होते, काँग्रेसमध्ये राहून काम करा, कामगार संघटना फोडू नका. मुंबईत व्ही. बी. कर्णिक आणि मणिबेन कारा हे कामगार चळवळीतले कार्यकर्ते त्यांच्याकडे ओढले गेले. पुढे वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशीही आले. रॉयवादाची चर्चा आपण बहुधा नवमानवतावादापासून, म्हणजे रॉय यांच्या नंतरच्या तत्त्वज्ञानापासून, सुरू करतो आणि बर्लिनचा हा धागा सुटून जातो.

जुलै १९३१ मध्ये रॉय मुंबईत पकडले गेले. दीड वर्षाने हिटलर चॅन्सेलर झाला आणि केपीओ भूमिगत झाला. ब्रांडलर व टालहाइमर फ्रान्सला निसटले, तिथून क्युबाला. टालहाइमर १९४८ मध्ये हवानातच वारले. ब्रांडलर पुढच्या वर्षी जर्मनीला परतले.