करोनाचा जेनेटिक कोड कुणीही ‘फोडला’ नव्हता

जानेवारी 2020 मध्ये नव्या करोना विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर झाला. सुमारे 29,900 अक्षरांचा. लगेच मथळे झळकले, ‘विषाणूचा जेनेटिक कोड उलगडला’. तेव्हापासून पाहतोय, गहू असो, वाघ असो की एखादा जिवाणू, जीनोम (त्याचा सगळा जनुकीय मजकूर) वाचून झाला रे झाला की त्याचा ‘कोड फुटतो’. डीएनए चाचणीच्या जाहिराती त्यावर कडी करतात: ‘तुमचा खास जेनेटिक कोड जाणून घ्या’.

तुमचा खास जेनेटिक कोड नावाची वस्तू अस्तित्वात नाही. जो तुमचा तोच माझा, तोच दारातल्या कडुलिंबाचा. विषाणूकडे तर त्याचा मजकूर वाचायची यंत्रणाही नसते, तो आपलीच वापरतो. वेगळा असतो तो जीनोम.

डीएनएची चार अक्षरं ए, टी, जी, सी. आरएनएमध्ये टीच्या जागी यू. डीएनएवरून आरएनएची प्रत निघते आणि ती वाचून पेशीतलं रायबोसोम हे यंत्र अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे सुटे दुवे, जोडत प्रथिन बनवतं. हे बारावीत झालंय असं धरतो. जनुक आणि जीनोम यातला फरकही किरकोळ आहे: जनुक हा तुकडा, जीनोम म्हणजे सगळा साठा. घोळ होतो तो पुढे.

जीनोम हा मजकूर आहे. माणसाचा सुमारे तीन अब्ज अक्षरांचा. जेनेटिक कोड हा तक्ता आहे आणि तो पोस्टकार्डावर मावतो. तीन-तीन अक्षरांचे 64 गट; 61 गटांपुढे कोणतं अमिनो आम्ल ते लिहिलेलं, उरलेल्या तिघांपुढे ‘थांबा’. संपला कोड. जुन्या तारेचं उदाहरण घ्या: मोर्सचा तक्ता जवळपास जगभर एकच होता, तारा मात्र रोज लाखो जायच्या. ‘आजोबा सीरियस’ ही तार वाचली म्हणून तारमास्तरने मोर्स कोड फोडला, असं कुणी म्हणत नव्हतं.

कोड फोडायचा होता तो साठीच्या दशकात फोडून झाला. 1961 मध्ये अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश मॅथाई यांनी नुसत्या यू-यू-यू अक्षरांचा आरएनए जिवाणूंच्या रसात टाकला. बाहेर आली फक्त एकाच अमिनो आम्लाची, फेनिलअ‍ॅलनिनची साखळी. तक्त्यातलं पहिलं घर भरलं. पंजाबातल्या रायपूर गावी जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांनी ठरावीक क्रम पुन्हा पुन्हा येणारे आरएनए तयार करून बरीच घरं पक्की केली, आणि 1966 पर्यंत तक्ता पूर्ण झाला. निरेनबर्ग आणि खुराना यांना 1968 चं नोबेल रॉबर्ट हॉली यांच्यासह त्यासाठीच मिळालं. मानवी जीनोमचा कच्चा मसुदा आला 2000 साली आणि त्यातल्या शेवटच्या मोठ्या गाळलेल्या जागा भरल्या 2022 मध्ये. दोन वेगळी कामं, मध्ये काही दशकांचं अंतर. आणि हो, माणसाच्या जीनोमचा जेमतेम दीड-दोन टक्के भागच या तक्त्याने वाचून प्रथिनं बनतात. बाकीच्याला हा तक्ता लागूच होत नाही.

सगळ्यात जास्त पाय घसरतो तो आजारांबद्दल लिहिताना. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्याबद्दल हमखास वाचायला मिळतं, ‘जेनेटिक कोडमधल्या बिघाडामुळे हा आजार होतो’. होतं काय, ते नीट पाहू. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी जीएजी असतं, म्हणजे ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये मधलं अक्षर बदलून जीटीजी होतं, म्हणजे व्हॅलिन. एवढ्यानेच ऑक्सिजन कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरे बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. यात कोड कुठे बिघडला? जीटीजी म्हणजे व्हॅलिन, हे तुमच्या-माझ्या शरीरातही तसंच आहे. कोड चोख चालला म्हणूनच तिथे व्हॅलिन बसलं. बिघडलं ते मजकुरातलं एक अक्षर. खरोखर कोड बिघडला असता, म्हणजे जीएजी दिसेल तिथे व्हॅलिन बसू लागलं असतं, तर हिमोग्लोबिनच काय, शरीरातली हजारो प्रथिनं एका झटक्यात नासली असती. असं मूल जन्मालाच येणार नाही.

मग हा तक्ता पेशीत असतो कुठे? डीएनए न्याहाळून तो सापडत नाही. जीएजी आणि ग्लुटामिक आम्ल यांची जोडी लावतात ते टीआरएनएचे छोटे रेणू, आणि कोणत्या टीआरएनएवर कोणतं अमिनो आम्ल चढवायचं ते ठरवणारी विकरं (एन्झाइम्स). रायबोसोम फक्त टीआरएनएची तीन अक्षरं जुळतात का ते बघतो, त्याच्या पाठीवर काय लादलंय याची चौकशी करत नाही. 1962 मध्ये हे फार सुंदर रीतीने दाखवलं गेलं. टीआरएनएवर चढलेल्या सिस्टीनचं तिथल्या तिथे रासायनिक क्रियेने अ‍ॅलनिन करून टाकलं. रायबोसोमने सिस्टीनच्या जागी निमूटपणे अ‍ॅलनिन बसवलं. आरएनएच्या मजकुराला हातही लावला नव्हता. माझ्या मते हा एक प्रयोग समजला की कोड आणि जीनोम यांची गल्लत पुन्हा होत नाही, पण तो शिकवतात फार थोडे.

उलट्या बाजूचा दाखला इन्शुलिनचा. 1978 मध्ये कॅलिफोर्नियात जिवाणूकडून मानवी इन्शुलिन बनवून घेतलं, तेव्हा माणसाच्या पेशीतून जनुक काढून आणलं नव्हतं. इन्शुलिनमधल्या 51 अमिनो आम्लांचा क्रम आधीच माहीत होता. तक्ता उलटा वापरून त्यावरून डीएनए लिहून काढला. इन्शुलिनच्या दोन साखळ्यांपैकी ए साखळीची सुरुवात ग्लायसिनने होते. ग्लायसिनला तक्त्यात चार पर्याय आहेत, त्यातला एक निवडायचा. असं करत प्रयोगशाळेत जोडलेला मजकूर माणसातल्या मूळ मजकुराशी अक्षरशः जुळण्याची गरजच नव्हती. इन्शुलिन मात्र तेच बनलं, कारण वाचणाऱ्या जिवाणूचा तक्ता आपलाच. 1982 पासून ते बाजारात आहे.

‘कोड सगळीकडे सारखाच’ याला अपवाद आहेत. आपल्याच पेशीतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, यूजीए म्हणजे ‘थांबा’ नसून ट्रिप्टोफॅन असतं. आणि ‘कोड बदलला’ हा मथळा शोभेल असं कामही झालंय. 2019 मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी ई. कोलाय जिवाणूचा अख्खा जीनोम नव्याने लिहिला. सेरीनच्या सहा गटांपैकी दोन आणि एक ‘थांबा’ यांच्याऐवजी 18,214 ठिकाणी त्याच अर्थाचे दुसरे गट घातले. इथपर्यंत बदलला तो मजकूरच. 2021 मध्ये मात्र ते रिकामे झालेले गट वाचणारे टीआरएनए आणि तो ‘थांबा’ ओळखणारं प्रथिन पेशीतून काढून टाकलं, म्हणजे तक्त्यातली घरंच पुसली. मग त्या जिवाणूंवर विषाणू सोडले. विषाणूंच्या मजकुरात सेरीनचे ते दोन गट जागोजाग होते आणि पेशीत ते वाचणारं कुणीच उरलं नव्हतं. त्यांची प्रथिनं अर्धवट राहिली, विषाणू वाढलेच नाहीत.