मुलामा गेला, पण कुठून गेला?

तांबूस नाण्यावर राखाडी डाग दिसला की संग्राहकाला आधी टाकसाळीची चूक आठवते. मुलामा चढवायचाच राहून गेलेलं दुर्मीळ नाणं आपल्या हाती लागलं! क्वचित ते खरंही निघतं. बहुतेकदा मात्र मुलामा वापरात घासला गेलेला असतो, गंजाने उडालेला असतो, नाहीतर कुणीतरी हौसेने काढलेला असतो. हे ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि तिरपा उजेड पुरतो. डाग केवढा आहे हे नंतर. तो कुठे आहे ते आधी बघायचं.

अमेरिकेचा एक सेंट घ्या. १९८२मध्ये ९५ टक्के तांब्याचं नाणं मागे पडलं आणि त्याजागी जस्ताचा गाभा आला. वर तांब्याचा मुलामा, सुमारे ८ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याचा. हातोहाती फिरताना घर्षण आधी उंचवट्यांना गाठतं: नाण्यावरच्या चेहऱ्याचं गालाचं हाड, केसांच्या बटा, काठ. तिथे तांबूस रंग हळूहळू फिका होत राखाडी होतो आणि नक्षीही सपाट झालेली असते. उलट गाल तांबूस, पण शेजारच्या खोलगट जागेत राखाडी डाग असेल, तर ती झीज नव्हे. घासणारी वस्तू उंचवटा सोडून खड्ड्यात कशी शिरेल?

खड्ड्यात शिरतो तो ओलावा. तांबं, जस्त आणि घामातलं खारट पाणी एकत्र आलं की छोटी बॅटरीच तयार होते. जस्त तांब्यापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं, त्यामुळे विरघळतं तेच. मुलाम्याला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलं तरी आतला गाभा पोखरला जातो. भिंगाखाली दिसतो तो काळपट खड्डा, भोवती पांढरट भुकटी आणि फुगलेलं तांबं. मात्र न फुटलेला, गुळगुळीत, चकचकीत फोड टाकसाळीतलाही असू शकतो. मुलाम्याखाली अडकलेला वायू तिथे फुगलेला असतो.

पोलादावर तांबं असेल तर डोळा जास्त फसतो, कारण लोखंडाचा गंज स्वतःच तपकिरी. ब्रिटनची एक आणि दोन पेन्सची नाणी १९९२पासून अशी निघू लागली. तिथे लोहचुंबक गाभा सांगतो आणि भिंग गंजाचा भुसभुशीतपणा. १९४३चा अमेरिकी सेंट याच्या उलट: पोलादावर जस्त. हे जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवतं. पण पत्र्याला आधी जस्त चढवून मग चकत्या कापल्या गेल्या, त्यामुळे कडेला पोलाद उघडंच राहिलं. म्हणून या नाण्याची कड आधी पाहावी.

टाकसाळीच्या दोषांची खूण वेगळी. ठसा आपटताना धातू ताणला जातो आणि अक्षरांच्या पायथ्याशी तांबं फाटतं. अक्षरालगत बारीक राखाडी रेघ दिसली तर ती जन्मखूण समजावी. मुलामाच न चढलेल्या नाण्यावर, ठशाखाली धातू पसरताना उमटलेली चमक असते. नाणं तिरपं फिरवलं की ती चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. वापरलेल्या नाण्यावर ती उरलीच तर अक्षरांच्या कोनाड्यांत उरते. आम्लाने तांबं काढलेलं असेल तर हे तेज मिळत नाही; तांबं खाणारं आम्ल जस्तालाही सोडत नाही, म्हणून पृष्ठ खरबरीत आणि अक्षरं बारीक होतात. आणि अख्खा सेंट चंदेरी दिसला तरी हुरळू नये. रसायनशास्त्राच्या वर्गात तांब्यावर जस्त चढवण्याचा प्रयोग नेहमीचाच आहे. असा थर खरवडला गेला की खाली तांबूस रंग डोकावतो.

वजनकाट्यावर मात्र फार विसंबू नका. सेंटवरचा सगळा मुलामा साधारण ०.०४ ग्रॅमचा, आणि २.५ ग्रॅमच्या नव्या कोऱ्या नाण्यातही ०.१० ग्रॅमचा फरक चालतो. काटा कामी येतो तो १९८२च्या जोडीत, कारण त्या वर्षी दोन्ही तऱ्हेचे सेंट निघाले: तांब्याचं ३.११ ग्रॅम, जस्ताचं २.५.

प्राचीन ग्रीकांना हा प्रश्न अधिक झोंबायचा, कारण त्यांच्याकडे तांब्यावर चांदीचा पत्रा मढवलेली नाणी फिरत. आजही अशा नाण्याच्या चांदीतून हिरवा थर वर आलेला दिसतो. तो आतल्या तांब्याचा. अथेन्समध्ये त्यासाठी सरकारी पारखी बसे. इ. स. पूर्व ३७५-३७४च्या कायद्याने त्याला सांगितलं होतं: आत तांबं असलेलं नाणं लगेच छेदायचं आणि देवमातेला अर्पण म्हणून नगरसभेकडे जमा करायचं.