लिंक ओळखणारा कोड, लिंकवर संशय घेणारा कोड : वादाची पार्श्वभूमी

आंब्याच्या हंगामात देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांचे मेसेज राज्यभर फिरतात. पेटीचा भाव, पार्सल कधी सुटणार, ऑर्डरची लिंक. पुष्कळ मेसेज रोमन अक्षरांतल्या मराठीत असतात आणि पूर्णविरामानंतर जागा सोडायची सवय फार थोड्यांना. 'आंबा पाठवला.तो उद्या पोचेल' असे रोमनमध्ये लिहिले की अ‍ॅपला त्यात टोंगा देशाचा वेब-पत्ता दिसतो, कारण टी-ओ हे टोंगाचे डोमेन, म्हणजे पत्त्याच्या शेवटी येणारी देशाची खूण. चॅटमधल्या 'पण'चे पी-एन हे पिटकेर्न बेटांचे, 'मग'चे एम-जी मादागास्करचे, 'काय'चे के-वाय केमन बेटांचे. देशांच्या डोमेनची पूर्ण यादी जवळ बाळगणारा कोड या प्रत्येक ठिकाणी निळी लिंक उभी करतो. मागून येणारा दुसरा कोड तिच्यावर 'संशयास्पद' असा शिक्का मारतो. लिहिणाऱ्याने लिंक पाठवलेलीच नसते. अशा संशयास्पद लिंकचे करायचे काय, यावर वाद आहे.

याचे मूळ वेब-पत्ते कसे लिहायचे हे ठरवणाऱ्या १९९४ सालच्या मानकात आहे. साध्या मजकुरात पत्ता लिहायचा तर तो कोनी कंसात घाला, अशी शिफारस तेव्हाच केलेली होती. ती कुणी पाळली नाही, आणि पत्ता कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे प्रोग्रॅम अंदाजाने ठरवू लागले. २००३ मध्ये इंग्रजीबाहेरच्या लिपींतल्या डोमेनना, म्हणजे साइटच्या नावांना, मान्यता मिळाली. २००५ मध्ये सिरिलिक (रशियनच्या) लिपीतला 'ए' वापरून एका नामांकित पेमेंट साइटची हुबेहूब दिसणारी नक्कल करून दाखवली गेली आणि संशय घेणारा कोड गरजेचा झाला. ईमेल प्रोग्रॅमनी दिसणारा पत्ता आणि प्रत्यक्षातला पत्ता जुळतो का, हे तपासायला सुरुवात केली, तेव्हा क्लिक मोजणाऱ्या सर्व्हरमार्गे जाणारी साधी वार्तापत्रेही इशाऱ्यात अडकली.

मराठीचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू झाला तो २०१४ पासून, देवनागरीत '.भारत' आल्यावर. अनेक जुन्या कोडच्या लेखी अक्षर म्हणजे फक्त युनिकोड या सर्व लिपींच्या चिन्ह-यादीतले 'अक्षर' या वर्गातले चिन्ह. काना, मात्रा, वेलांटी त्या वर्गात येत नाहीत. त्यामुळे 'तारकर्ली'ने सुरू होणारा पत्ता 'त'पाशीच तुटतो, आणि संशय घेणारा कोड त्या तुटक्या तुकड्याची परीक्षा करतो. 'किनाऱ्या'तला र काही कीबोर्ड अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितात. जुन्या डोमेन-मानकात ते चिन्ह गाळले जाई. २०१० च्या मानकाने ते हलन्तानंतर चालेल असे ठरवले, पण अदृश्य चिन्ह दिसले की इशारा द्यायचा, हा नियम अनेक ठिकाणी तसाच राहिला. देवनागरी शून्य रोमन 'ओ'सारखे दिसते, हे खरे आहे आणि त्याची काळजी घ्यायलाच हवी. पण त्यापायी सगळी देवनागरीच संशयित ठरवणे हा अन्याय आहे.

२०१८ च्या सुमारास एका मोठ्या मेसेजिंग अ‍ॅपने विचित्र अक्षरांच्या लिंकवर लाल शिक्का दाखवायला घेतला. ही तपासणी फोनवरच होते, कारण मेसेज कूटबद्ध असल्याने सर्व्हरला तो वाचता येत नाही. २०२३ मध्ये पत्त्याच्या शेवटी येणारे 'झिप' हे डोमेन सर्वांना खुले झाले आणि 'झिप'ने संपणारी फाइलची नावेही लिंक होऊ लागली.

खरा वाद एकाच निर्णयावर आहे : संशयास्पद लिंक दाखवून इशारा द्यायचा, की तिची लिंकच होऊ द्यायची नाही? दुसरा मार्ग काही सुरक्षित मेसेजिंग अ‍ॅपनी घेतला आहे. पत्ता संशयास्पद वाटला की तो साधा मजकूर म्हणून राहतो. बाजू मांडणारे म्हणतात, दाबायला काही उरलेच नाही तर फसायचेही नाही. पण तारकर्लीच्या खोलीचे आगाऊ पैसे भरायला निघालेला माणूस तो पत्ता कॉपी करून ब्राउझरमध्ये टाकतो, आणि अ‍ॅपचा इशारा त्याला दिसतच नाही. उलट बाजूला, प्रत्येक अंदाजावर लाल शिक्का मारला की लोक शिक्क्याकडे बघणे सोडतात. ज्या दिवशी खोटी बुकिंग लिंक येते, त्या दिवशी तो शिक्काही वाया जातो.

माझ्या मते दोन्ही बाजू एक भेद विसरतात. लिंक पाठवणाऱ्याने दिली की प्रोग्रॅमने कल्पिली, हे लिंक ओळखणाऱ्या कोडला ठाऊक असते, पण तो ते पुढे सांगत नाही. पत्त्याची सुरुवात 'एचटीटीपी'ने झालेली असेल तर तो पाठवणाऱ्याचा दावा आहे. तिथे लिंक ठेवावी, इशारा द्यावा आणि खरे डोमेन ठळक दाखवावे. नुसत्या टिंबावरून काढलेला अंदाज संशयास्पद ठरला तर तो मुकाट्याने मागे घ्यावा, शिक्का मारू नये. त्यासाठी पत्ता एकदाच फोडून तोच निकाल दोन्ही कोडना द्यावा लागतो, आणि चाचणीत 'पाठवला.तो'ही हवे, 'तारकर्ली'ही हवे. अजूनही बऱ्याच ठिकाणी हे दोन कोड वेगळ्या गटांकडे आहेत, आणि एकाने नियम बदलला की दुसऱ्याला ते वापरणाऱ्यांच्या तक्रारींतून कळते.