ग्लासात गोळी टाकून काही कळत नाही

केंद्राची औषध नियंत्रण संस्था सीडीएससीओ दर महिन्याला 'नॉट ऑफ स्टँडर्ड क्वालिटी', म्हणजे दर्जात न बसलेल्या औषधांची यादी काढते, आणि यादी आली रे आली की गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या ग्रुपवर तोच जुना व्हिडिओ फिरायला लागतो. ग्लासभर पाणी, त्यात गोळी, अर्ध्या तासाने गोळी तशीच्या तशी, मग "बघा, डुप्लिकेट!" वेर्णा-कुंडईच्या फार्मा कंपन्यांत शिफ्ट करणारी माणसं प्रत्येक वाड्यावर आहेत, तरी हे फॉरवर्ड होतंच.

पित्तावरची पँटोप्राझोलची गोळी घ्या. पोटातल्या ॲसिडमध्ये औषध खराब होऊ नये म्हणून तिला मुद्दाम तसं कोटिंग करतात. असल्या गोळ्या क्यूसीत, म्हणजे कंपनीच्या दर्जा तपासणीत, आधी २ तास ॲसिडमध्ये ठेवतात, तिथे त्या टिकायलाच पाहिजेत, नंतर बफरमध्ये (आतड्यासारख्या, कमी आंबट द्रावणात) औषध सुटलं पाहिजे. म्हणजे व्हिडिओवाल्यांनी जिला नापास केलं ती खरं तर पास!

आणि उलटंही होतं. गोळी झटकन फुटली म्हणजे औषध विरघळलं असं नाही, फुटून नुसता चुरा खाली बसलेला असू शकतो आणि शरीर घेतं ते विरघळलेलंच. १९६८ साली ऑस्ट्रेलियात फिटच्या फेनिटॉइन कॅप्सूलमध्ये औषध तेवढंच ठेवून फक्त भरणी (औषधाबरोबर घातलेली भर) बदलली, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज. औषध रक्तात जास्त उतरायला लागलं आणि नेहमीच्याच डोसवर असलेल्या पेशंटना विषबाधा झाली. फक्त कॅप्सूलमध्ये औषध किती ते मोजलं असतं तर हे सापडलंच नसतं.

म्हणून डिझोल्युशन टेस्ट, ठरल्या वेळात किती औषध विरघळलं ते मोजणारी. गोल बुडाची सहा काचेची भांडी, बहुतेक वेळा प्रत्येकात ९०० मिली द्रावण, तापमान ३७ अंश, अर्धा अंश इकडेतिकडे चालतं. वर पॅडल म्हणजे ढवळणारं पातं, बऱ्याच गोळ्यांना मिनिटाला ५० फेरे. पॅडल बुडापासून २५ मिमीवर, त्यात फरक फक्त २ मिमीचा. ठरल्या वेळेला सॅम्पल काढायचं, गाळायचं, मग यूव्ही नाहीतर एचपीएलसी या यंत्रावर त्यातलं औषध मोजायचं. द्रावणातली हवाही आधी काढतात, नाहीतर बुडबुडे गोळीला चिकटून बसतात.

आता मला सगळ्यात आवडणारी भानगड, कोनिंग, म्हणजे भांड्याच्या बुडाशी चुऱ्याचा ढीग बसणं. चहा ढवळला की पत्ती कपाच्या कडेला न जाता मधोमध बुडाशी का जमते? आइनस्टाइनने १९२६ मध्ये याचं उत्तर दिलं. पाणी गोल फिरतं तेव्हा कडेला दाब वाढतो, मध्ये कमी होतो. वरच्या पाण्याचा वेग आणि हा दाब एकमेकांना तोलून धरतात, पण अगदी बुडाशी काचेच्या घर्षणाने पाण्याचा वेग मरतो, दाब मात्र तेवढाच राहतो, मग तो दाब तळातल्या पाण्याला आत ढकलतो आणि पत्तीही त्याबरोबर आत येते. पॅडलखाली हेच होतं, शिवाय बरोब्बर मधल्या जागी पाणी जवळजवळ थांबलेलंच असतं, त्यामुळे न विरघळणारी भरणी तिथे ढिगासारखी बसते आणि औषधाचे कण त्या ढिगात अडकतात. ढिगातल्या पाण्यात औषध आधीच भरपूर झालेलं असतं, आणि भोवतीचं द्रावण जितकं भरलेलं तितकं पुढचं विरघळणं मंद, हे नॉइस आणि व्हिटनीने १८९७ मध्येच दाखवलं. मग चांगली गोळीसुद्धा कमी आकडा दाखवते. फेरे ७५ केले की ढीग उडतो, काही जण तर बुडाला मधोमध उंचवटा असलेली भांडी वापरतात. पण रिझल्ट फेल आला म्हणून क्यूसीवाल्याने स्वतःच स्पीड वाढवायचा नाही हां, पद्धत बदलायची तर आधी शास्त्रीय कारण सिद्ध करायचं आणि मंजुरी घ्यायची!

पासचा हिशोब थोडक्यात: ठरल्या वेळात औषध विरघळण्याची मर्यादा ८० टक्के असेल तर पहिल्या सहापैकी प्रत्येक गोळी निदान ८५ पाहिजे, नाहीतर आणखी सहा, मग आणखी बारा, आणि निकष सरासरीवर जातात. आपल्या पावसाळ्यातली दमट हवा गोळीचं काय करते ते बघायला वेगळा स्टॅबिलिटी चेंबर असतो, ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता, सहा महिने.

एवढं सगळं ग्लासात होत नाही. शंका आली तर बॅच नंबर यादीशी ताडून बघा, मोठ्या ३०० ब्रँडच्या पाकिटांवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे, आणि उरलेल्या गोळ्या बिलासकट बांबोळीच्या एफडीएत, म्हणजे राज्याच्या अन्न-औषध प्रशासनात, द्या. फक्त स्ट्रिप कापून घेताना फार्मसीवाल्याला बॅच छापलेला तुकडा मागा, तो नेहमी त्याच्याकडेच राहतो.